पहिले बारा आठवडे आणि वकिलीची डायरी

घरी चाचणी करून गर्भधारणा झाल्याचे समजते आणि त्याच पंधरवड्यात डायरीत एक उलटतपासणी, निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, युक्तिवाद आणि उच्च न्यायालयातले एक अपील लागलेले असते. अशा वेळी काय करावे, हे वकिली करणाऱ्या स्त्रीला सहसा कोणाला विचारता येत नाही, कारण विचारायला जावे तर बातमीच सांगावी लागते. आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलू नये असा जुना संकेत आहे आणि गर्भपाताचा धोका पहिल्या बारा आठवड्यांतच सर्वाधिक असल्यामुळे तो अगदीच निराधारही नाही. अडचण एवढीच, की मळमळ, थकवा आणि झोप यांचा जोरही नेमका याच काळात असतो. म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तोंड बंद ठेवायचे असते.

या कोंडीतून वाट काढायची तर दोन गोष्टी एकमेकींपासून अलग कराव्या लागतात. अमुक तारखेला मी उभी राहू शकणार नाही, ही माहिती कामाची आहे आणि ती ज्याच्या कामावर परिणाम होतो त्याला वेळेवर मिळालीच पाहिजे. मी का उभी राहू शकणार नाही, ही माहिती माझी आहे. पहिली माहिती देताना दुसरी द्यावीच लागते असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच बहुतेक घोटाळा होतो.

डायरी आठवड्यांत वाचावी

डॉक्टर गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख तेव्हापासून २८० दिवसांनी धरतात. समजा तो दिवस १ जून असेल, तर सहावा आठवडा १३ जुलैला, दहावा १० ऑगस्टला आणि बारावा २४ ऑगस्टला पूर्ण होतो. प्रसूतीची तारीख ८ मार्च येते. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आठव्या ते दहाव्या आठवड्यात तिचा जोर असतो आणि अनेकींना बाराव्या-चौदाव्या आठवड्यानंतर उतार पडतो. तेव्हा या उदाहरणात जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा जड काळ समजावा. डायरीच्या त्या पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त आठवड्याचा आकडा लिहून ठेवावा. डायरी क्लार्कच्या हाती गेली तरी त्या आकड्याचा अर्थ त्याला लागत नाही.

याच पानांवर डॉक्टरांकडच्या वेळाही आधीच अडवून ठेवाव्यात. मानेमागच्या द्रवाची जाडी पाहणारी सोनोग्राफी, जिला सगळे एनटी स्कॅन म्हणतात, ती ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते. वरच्या उदाहरणात हा काळ १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असा येतो. ही मुदत वाढवून मागता येत नाही, त्यामुळे मुदतीच्या दाव्याइतक्याच काटेकोरपणे ती पाळावी आणि त्या दिवशी सकाळच्या सत्रातले एकही प्रकरण स्वतःकडे ठेवू नये.

कोणते काम कोणाला देता येते

आता प्रत्येक तारखेसमोर एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी मी नसले तर अशिलाचे नेमके काय नुकसान होईल? प्रकरण महत्त्वाचे आहे की किरकोळ, हा प्रश्न इथे फसवा ठरतो. मोठ्या रकमेच्या दाव्यात नुसती समन्स परत येण्याची तारीख असेल तर तिथे कोणीही उभे राहू शकते. उलट साध्या भाडेकरूच्या प्रकरणात साक्षीदार पिंजऱ्यात यायचा असेल आणि तुमच्यातर्फे कोणी उठले नाही तर ‘नो क्रॉस’चा, म्हणजे उलटतपासणी नाही असा, हुकूम होऊन बसतो.

सर्वांत आधी कायद्याने बांधलेल्या मुदती हातावेगळ्या कराव्यात. दाव्यातली लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे उत्तर, ३० दिवसांत आणि न्यायालयाच्या परवानगीने ९० दिवसांपर्यंत देता येते. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर तो हक्कच संपतो. लवाद निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान द्यायचे असेल तर तीन महिने आणि त्यावर फार तर ३० दिवस मिळतात, त्यापुढे न्यायालयालाही विलंब माफ करता येत नाही. धनादेश न वटल्याच्या प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. वकिलाची तब्येत बरी नव्हती हे कारण यांपैकी काही ठिकाणी मुळीच चालत नाही आणि जिथे चालते तिथे ते शपथपत्रावर उघड करावे लागते, जे आपल्याला टाळायचे आहे. म्हणून पुढच्या आठ आठवड्यांत संपणारी प्रत्येक मुदत पहिल्या चार दिवसांत कागदावर काढावी आणि मसुदे पुढे ओढून बरे वाटत असताना, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत सहाव्या आठवड्याच्या आत, संपवावेत. मसुदा घरी बसून, मध्ये पडून, लिंबू-मीठ चाटत करता येतो. उलटतपासणी तशी करता येत नाही.

उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवाद ही दुसरी रास. यांत तुमच्या डोक्यात असलेले प्रकरण दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायला वेळ लागतो. त्यामुळे जड काळात लागलेल्या अशा तारखा दोनच प्रकारे हाताळाव्यात. एक तर आताच, तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी, विरुद्ध बाजूच्या वकिलांशी बोलून दोघांच्या संमतीने पुढची तारीख मागावी. नाही तर सहकाऱ्याला आताच संपूर्ण ब्रीफ देऊन तयारीला लावावे. ऐन तारखेच्या सकाळी मुदत मागणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे आणि त्याला कायद्याचेही कारण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नियम १ प्रमाणे सुनावणीदरम्यान एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असे आहे. त्याच नियमात असेही म्हटले आहे, की वकिलाच्या आजारपणाचे कारण पुढे केल्यास, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते याबद्दल न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय तहकुबी देऊ नये. तुम्हाला पंधरा दिवसांपूर्वीच कल्पना होती हे पुढे उघड झाले, तर हे कारण तुमच्याच अशिलावर उलटते.

तिसरी रास नेहमीच्या तारखांची. हजेरी, से (अर्जावरचे म्हणणे) दाखल करणे, नकलेचा अर्ज, कागदपत्रांची यादी, हे सगळे विश्वासू सहकाऱ्याकडे द्यावे आणि त्यासाठी मूळ वकीलपत्रावरच त्याचे नाव नसेल तर ते आता घालून घ्यावे. नव्या प्रकरणांत तर पहिल्या दिवसापासून दोघांच्या सहीचेच वकीलपत्र दाखल करावे. अशिलाला त्याचे कारण विचारावेसेही वाटत नाही, कारण तसे अनेकजण करतात. दर हजेरीला सहकाऱ्याला किती द्यायचे हे तोंडी न ठेवता आधीच ठरवावे. मैत्रीत फुकट उभी राहणारी व्यक्ती तिसऱ्या तारखेला विसरते, असा माझा अनुभव आहे आणि तिला दोषही देता येत नाही.

प्रवासाच्या तारखांचा विचार निराळा करावा लागतो. रात्रभर बस किंवा रेल्वेने जाऊन सकाळी युक्तिवाद करणे या आठवड्यांत शक्यतो टाळावेच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वकिलांना प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही, ही त्या भागातल्या गर्भवती वकिलांसाठी कोणी न मोजलेली सोय आहे. दूरच्या न्यायालयात दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची सोय असेल तर त्यासाठीची विनंती आधीच करावी. ही विनंती करताना कारणादाखल ‘प्रवास टाळण्याचा वैद्यकीय सल्ला’ एवढे पुरते.

अर्जात काय लिहावे आणि काय नाही

मुदतीचा अर्ज हा दोन ओळींचा कागद वाटतो, पण तो दाखल होताच न्यायालयाच्या अभिलेखाचा भाग होतो, विरुद्ध बाजूला त्याची नक्कल मिळते आणि त्या दिवसाचे कामकाज ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर अशिलापासून त्याच्या चुलतभावापर्यंत कोणालाही वाचता येते. न्यायाधीशांनी रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ‘वादीच्या वकील गर्भवती असल्याने’ असे सहानुभूतीने लिहिले तरी तुमची आठव्या आठवड्यातली बातमी कायमची नोंदली जाते. म्हणून शब्द मोजून वापरावेत. मी वापरलेला मजकूर असा होता: ‘वादीतर्फे मुदत मिळणेकामी अर्ज. सदर कामी आज प्रतिवादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी नेमलेली आहे. वादीचे वकिलांना वैद्यकीय कारणास्तव आज काम चालविणे शक्य नाही. विरुद्ध बाजूचे वकिलांना याबाबत दिनांक अमुक रोजी पूर्वसूचना दिलेली असून त्यांची हरकत नाही. सबब, जवळची तारीख मिळावी, ही विनंती.’ यातली पूर्वसूचनेची ओळ सर्वांत जास्त काम करते. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी अर्जावर ‘हरकत नाही’ असे लिहून सही केली की न्यायाधीश सहसा पुढे विचारत नाहीत.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले गेलेच, तर प्रमाणपत्रात निदान लिहिण्याची गरज नसते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. ‘वैद्यकीय कारणास्तव अमुक दिवसांपासून अमुक दिवसांपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ हे वाक्य खरेही असते आणि पुरेसेही. प्रमाणपत्राच्या वर मोठ्या अक्षरांत प्रसूतिगृहाचे नाव छापलेले असते, ही गोष्ट मात्र पहिल्या वेळी माझ्या लक्षात आली नव्हती. शक्य असेल तर कौटुंबिक डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्यावे.

खोटे मात्र लिहू नये. ‘दुसऱ्या न्यायालयात गुंतलेल्या आहेत’ किंवा ‘बाहेरगावी गेल्या आहेत’ असे लिहिणे सोपे वाटते, पण पहिले कारण संहितेने तहकुबीसाठी अपात्रच ठरवलेले आहे आणि दुसरे खोटे ठरल्यास न्यायालयाशी प्रामाणिक राहण्याच्या आपल्या व्यावसायिक कर्तव्यालाच बाधा येते. कारण सांगणे टाळण्याची मुभा आपल्याला आहे, वेगळे कारण रचण्याची नाही.

कोणाला, कधी आणि किती

सांगण्याचा क्रम जवळिकीवर ठरवू नये, तर तुमच्या गैरहजेरीचा भार कोणावर पडतो त्यावर ठरवावा. बार रूममधल्या जिवलग मैत्रिणीला आधी आणि ज्यांच्या चेंबरमध्ये काम करता त्या सीनियरना नंतर, असा क्रम स्वाभाविक वाटतो. पण मैत्रिणीच्या एका हसण्यातून सीनियरना कळले तर त्यांना राग बातमीचा नाही, वगळले गेल्याचा येतो. तशीही बार रूम फार काळ फसत नाही. जी रोज साडेदहाला कटिंगसाठी हाक मारते तिने सलग तीन दिवस चहा नाकारला, की समोरच्या दोन-तीन अनुभवी वकिलांच्या नजरा बदलतात. त्यांनी थेट विचारले तर ‘पित्ताचा त्रास चालू आहे’ एवढेच म्हणून विषय बदलावा. ते समजायचे ते समजतात आणि बहुतेक वेळा गप्पही राहतात.

ज्या चेंबरमध्ये सीनियर तुमच्या भरवशावर तारखा घेतात, तिथे सातव्या-आठव्या आठवड्यात त्यांना एकट्यांना भेटून सांगणे मला योग्य वाटते. यात मतभेद असू शकतो, पण सीनियरनी तुमच्या नावावर ऑगस्टमध्ये सलग तीन दिवसांची साक्ष लावून घेतल्यावर सांगण्यापेक्षा हे बरे. भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: मी स्वतःच चालवणार आहे ती प्रकरणे, सहकाऱ्याला देणार आहे ती आणि तारीख पुढे मागायची आहे ती. मग म्हणावे: ‘सर, मला आठवा आठवडा चालू आहे. अजून आपल्याशिवाय इथे कोणाला सांगितलेले नाही आणि तीन महिने होईपर्यंत सांगायचेही नाही. पुढच्या पाच आठवड्यांचे काम मी असे लावले आहे.’

या कागदाचे महत्त्व मी स्वतः उशिरा शिकले. पहिल्या खेपेला मी नुसती बातमी सांगितली आणि ज्यांना सांगितली त्यांनी अत्यंत मायेने, मला न विचारता, माझ्याकडची दोन चांगली अपिले दुसऱ्याला देऊन टाकली, ‘तुला दगदग नको’ म्हणून. त्यातले एक काम बसून वाचायचे आणि मसुदा करायचे होते. ते मला सहज झेपले असते. काळजीपोटी हातातले काम गेले की ते प्रसूतीनंतर परत येत नाही. आपली मांडणी आपण समोर ठेवली, तर समोरच्याला चर्चा त्या मांडणीवर करावी लागते.

क्लार्कला कारण सांगू नये, पण बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, रोज संध्याकाळी सातपर्यंत आलाच पाहिजे आणि नवी तारीख घेण्यापूर्वी फोन केलाच पाहिजे, हे मात्र ठणकावून सांगावे. विरुद्ध बाजूच्या वकिलांना ‘तब्येतीचे कारण आहे, तुम्ही आज सहकार्य करा, तुमच्या अडचणीला मी करीन’ एवढे पुरे. हा व्यवहार जुना आहे आणि सर्वांना समजतो. न्यायाधीशांना काहीही सांगण्याची गरज नसते. उभे राहवत नसेल तर ‘प्रकृती ठीक नाही, बसून चालविण्याची परवानगी असावी’ अशी विनंती करावी किंवा पासओव्हर, म्हणजे त्याच दिवशी थोड्या वेळाने पुकारा, मागावा.

अशिलाला बारा आठवड्यांच्या आत सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशील वाईट असतो म्हणून नव्हे, तर घाबरलेला असतो म्हणून. त्याला तुमच्या बाळापेक्षा स्वतःच्या सातबाऱ्याची चिंता असणे रास्त आहे आणि अर्धी बातमी कळली की तो थेट दुसऱ्या वकिलांकडे ना-हरकत घेऊन जातो. त्याला व्यवस्था सांगावी: ‘या तारखेला माझ्यासोबत वकीलपत्रावर असलेल्या मॅडम उभ्या राहतील, त्यांना सगळे कागद दिले आहेत आणि आदल्या दिवशी त्या तुम्हाला फोन करतील.’ काम मुळात झेपणारच नसेल, तर मात्र लपवू नये. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि अशिलाला वाजवी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही, सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी लागते आणि वकीलपत्र काढून घ्यायला न्यायालयाची परवानगी लागते.

फर्ममध्ये किंवा कंपनीत असाल तर

स्वतंत्र वकिलाला मालक नसतो, म्हणून पगारी मातृत्व रजाही नसते. पगारावर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळू लागली आणि हीच चौकट सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. प्रसूतीपूर्वी यातले जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात मनुष्यबळ विभागाला कळवण्याचे कोणतेही बंधन कायदा घालत नाही. फर्ममध्ये आधी आपल्या करारपत्रात पाहावे, की आपण नोकर आहोत की ‘रिटेनर’, म्हणजे ठरलेल्या शुल्कावर काम करणारे वकील, आणि टीडीएस पगारावर कापला जातो की व्यावसायिक शुल्कावर. रिटेनर असाल तर रजेबद्दल लेखी धोरण आहे का, हे बातमी न सांगता, धोरणाची प्रत मागून, आताच तपासावे.

मुलाखतीत किंवा अर्जात गर्भधारणेबद्दल विचारले गेले तर नीरा माथूर यांचे प्रकरण लक्षात ठेवावे. आयुर्विमा महामंडळाने त्यांच्याकडून पाळीच्या तारखा आणि गर्भधारणा यांची माहिती घोषणापत्रात भरून घेतली होती आणि ती चुकीची दिली म्हणून त्यांना परिवीक्षाकाळात काढले होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावले आणि असे खासगी प्रश्न घोषणापत्रातून काढून टाकायला सांगितले.

न्यायालयातला दिवस

पिशवीत कोरडी बिस्किटे किंवा चुरमुरे, पाण्याची बाटली, एक जाड प्लॅस्टिक पिशवी आणि रुमाल असावा. रिकाम्या पोटी बोर्ड सुरू होण्याची वाट पाहू नये. कनिष्ठ न्यायालयांत गाऊन ऐच्छिक आहे आणि उन्हाळ्यात काळ्या कोटाचीही सक्ती नसते, हे गरमीने चक्कर येणाऱ्यांनी जरूर वापरावे. स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे नव्या न्यायालयात आधी पाहावे. हा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या कोणालाही विचारा. रक्तस्राव, पोटात तीव्र कळ, घेरी येणे किंवा पाणीही पोटात न टिकणे यांपैकी काहीही झाले तर पुकाऱ्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे निघावे. तुमचे प्रकरण त्या दिवशी सहकारी मेन्शन करील, म्हणजे न्यायालयाच्या कानावर घालील.

आणि गर्भ टिकला नाही तर हीच सगळी व्यवस्था न बदलता चालू ठेवता येते. सहकारी तारखा सांभाळते आहे, अर्जात ‘वैद्यकीय कारण’ आहे, अशिलाला काही माहीत नाही. त्यामुळे कोणालाही काही नव्याने समजावत बसावे लागत नाही. नोकरीत असणाऱ्यांना गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यासाठी पुराव्याचा कागद लागतो, तो डॉक्टरांकडून तेव्हाच घ्यावा.

बारा आठवडे झाले आणि एनटी स्कॅन नीट आला, की डायरी पुन्हा उघडावी. आता अपेक्षित तारखेच्या महिनाभर आधीपासून ते दोन-तीन महिने नंतरपर्यंतच्या काळात साक्षी आणि अंतिम सुनावण्या घेऊ नयेत, असे क्लार्कला कारणासह सांगता येते. वरच्या उदाहरणात हा काळ फेब्रुवारी ते मे येतो आणि त्यातला मे महिना बराचसा उन्हाळी सुट्टीतच जातो. ज्या अशिलांची प्रकरणे त्या काळात येणार आहेत त्यांना एकेकट्याने बोलावून, सहकाऱ्याला शेजारी बसवून सांगावे. आणि थकलेली फी याच भेटीत मागावी, कारण पेढे मिळाल्यावर अशील ‘मॅडम, आता निवांत बघू’ म्हणतो.